सूर लागायच्या आधी

ट्रम्पेटवाला वाजवायच्या आधी ओठ शर्टाच्या बाहीला पुसतो. बस, एवढंच! पण त्याने बाही वर नेली की अख्खा मांडव गप्प होतो. मोबाइलवर हे कधी कळलंच नव्हतं, कारण सगळे व्हिडिओ सूर लागल्यावरच सुरू होतात.

मी आणि माझी मैत्रीण सायली त्याचा बँड प्रत्यक्ष ऐकायला उरणजवळच्या एका गावात हळदीला गेलो होतो. हळद कोणाची, ते आम्हाला माहीतच नव्हतं! आमचं आवडतं गाणं अजून वाजायचं होतं आणि तेवढ्यात एका मावशीने आम्हाला हेरलं.

"कोनाच्या गो तुमी?"

मी गार! आता हाकलणार, तेही ऐन गाण्याआधी. सायली पटकन बोलून गेली, "आम्ही बँडच्या."

मावशी खो खो हसली. "मंग मागं कशाला उभ्या? माझ्या पोराच्या हलदीची तारीख या बँडवाल्यांनाच इचारून काढली!" आणि तिने आम्हाला ओढत थेट पुढे नेलं.

किती विचित्र ना? त्या ट्रम्पेटवाल्याला आमची नावं माहीत नाहीत, नवरदेवाचंही कदाचित नसेल. उद्या तो दुसऱ्याच मांडवात असेल. तरी आम्ही त्याच्या घरच्या असल्यासारख्या उभ्या. काही नाती एका बाजूनेच असतात आणि तशीच छान चालतात.

त्याने पुन्हा बाही ओठांवरून फिरवली. मी मोबाइल वर धरणार, इतक्यात मावशीने हळदीच्या हाताने माझं मनगट घट्ट पकडलं आणि आम्ही तिघी गप्प झालो.