पुलापलीकडची लॉटरी

चहा ओतलाय, घ्या. पण हसू यायला लागलं तर बशी आधी खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा धोंडीआप्पाचं अख्खं धोतर चहानं भिजलं होतं! तर ऐका माझं शहाणपण.

आमचं गाव भीमेच्या अलीकडं, दौंड तालुक्यात. पूल ओलांडला की दुसरं गाव, ते शिरूर तालुक्यात. मध्ये नुसतं पाणी, पण चढाओढ अशी की त्यांनी देवळाला रंग दिला की आम्ही कळस घासायला घेतो.

आमच्या वस्तीच्या ओढ्यावर मोरी, म्हणजे पाण्यावरनं जायला बारका पूल, नाही. पाऊस झाला की दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातनं डेअरी गाठायची. आमच्या सरपंच सुनंदाताई. वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण डोकं कसं, तर उन्हाळ्यातल्या रांजणासारखं गार! त्यांनी जिल्ह्याच्या निर्व्यसनी गावाच्या स्पर्धेत गावाचं नाव घातलं. पहिला नंबर आला की बक्षिसातनं मोरी. झालं! दारू बंद, गुटखा बंद. आप्पानं तपकिरीची डबी विहिरीत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी वाकून वाकून विहिरीत बघत बसला.

अशात मी शिरूरच्या एसटी स्टँडवर बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ पेपर वाचत होता. तो म्हणाला, "बाबा, लॉटरीवर लई दाबून कर असतो. तो सरकारात जातो, आन् सरकारातनंच वाटा फिरून गावांना येतो."

गावांना येतो? माझे कानच उभे राहिले! आता तुम्हीच सांगा, आठवडे बाजार ज्याच्या शिवारात भरतो, पावती त्याच ग्रामपंचायतीची फाटते ना? मग लॉटरीची टपरी ज्याच्या मातीत, वाटा त्याचा! आणि टपरी कुठं? पुलाच्या पलीकडच्या तोंडाला. गिऱ्हाईक निम्मं आमचं. म्हणजे आमच्या पैशावर त्यांचं गाव गबर!

मी आप्पाला गाठलं. "ट्रॅक्टर काढ. टपरी आणायची."

"आबा, स्पर्धा हाय न्हवं? लॉटरी म्हंजी जुगार."

"येडा का खुळा तू? सरकार सवता इकतंय. सरकार कवा व्यसन इकंल व्हय?"

आप्पानं ट्रॅक्टर काढला. याला उत्तर तुमच्याकडं आहे?

सुनंदाताई मीटिंगला दौंडला गेल्या होत्या. म्हटलं, येतील तोवर मोरीची सोय करून ठेवू, पोरगी खूश होईल.

टपरीवाला बबन. त्याला म्हटलं, "आमच्याकडं चल. जागा फुकट, वर लिंबाची सावली."

मला वाटलं, आढेवेढे घेईल. कशाचं! "कवा निघायचं, आबा?" एवढंच म्हणाला. मला वाटलं, माझ्या बोलण्यात वजन आहे.

आणि पलीकडच्या गावची माणसं! काय दिलदार म्हणून सांगू! टपरी उचलायला दहा-बारा जण धावले. कुणी दोर आणला, कुणी चहा पाजला. त्यांचा सरपंच तर स्वतः ट्रॉली ढकलत अर्ध्या पुलापर्यंत आला. वर म्हणतो, "आबा, दमानं न्या. आन् कायतरी ऱ्हायलं आसंल तर सांगा, आणून देतो."

मला गहिवरून आलं. म्हटलं, आप्पा, शेजार असावा तर असा!

टपरी लिंबाखाली लागली. गिऱ्हाईक यावं म्हणून मी पुढं उभा राहून हाळ्या देऊ लागलो. "या, या! तिकीट घ्या, मोरी बांधा!" जन्मात पत्त्याला हात न लावलेला माणूस मी!

तेवढ्यात जीप थांबली. एक साहेब आणि एक बाई उतरल्या. स्पर्धेची कमिटी!

"बाबा, तुमच्या गावात लॉटरी चालते?"

"चालती?" मी छाती काढून म्हटलं. "पळती, सायेब! आजच नदीपल्याडनं टॅक्टरवर आणलीया."

"कोणी आणली?"

"म्या! गावासाठी!"

साहेबांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी टपरीचा फोटो काढला. मला वाटलं, फोटोत आपणही असावं. मी टोपी सारखी केली आणि शेजारी उभा राहिलो.

संध्याकाळी सुनंदाताई आल्या. मी कौतुकाची वाट बघतोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि खुर्ची पुढं केली. "बसा, आबा."

दुसरी कुणी असती तर चावडीवर माझी धिंड काढली असती. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"आबा, बाजाराची पावती आपली ग्रामपंचायत फाडती, म्हणून ते पैसे आपले. पण लॉटरीचा कर टपरी कुठं हाय ते बघत न्हाई. तो वर राज्याच्या आन् दिल्लीच्या तिजोरीत जातो, बाकीच्या करांत मिसळतो. तिथनं गावांना निधी येतो, तो माणसं किती, शिवार केवढं, आसलं बघून. टपरी चंद्रावर नेली तरी आपला वाटा तेवढाच."

"मंग टपरी नसती तरी…?"

"तरी तेवढाच."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, मोरी बुडवली गं म्या."

"मोरी व्हईल, आबा. उशिरा व्हईल, पण मी करून घेईन. तुम्ही गावासाठी राबला, ते मला दिसतंय." असं म्हणून त्यांनी मलाच चहा पाजला! अशी माणसं हल्ली सरपंच होतात, आणि आमच्यासारखी त्यांच्या गावात राहतात. त्यांचं नशीब!

महिन्यानं निकाल लागला. पहिला नंबर पलीकडच्या गावाचा! तिथला सरपंच दहा माणसं घेऊन माझ्या दारात हजर.

"आबा, आमच्या गावात तेवढी एकच अडचण उरली व्हती. बबनशी रोज भांडलो, पण दुसरी जागा मिळंना म्हणून हलत नव्हता. तुम्ही ट्रॅक्टर लावून नेलात आन् आम्ही निर्व्यसनी झालो!"

आणि सगळ्या वस्तीसमोर माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. टाळ्या सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या? आमच्या सुनंदाताईंनी! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

तेव्हा गावागावांत वाटणी कशी होते, ते आता मला कुणी शिकवू नका. बक्षीस त्यांना, टपरी आम्हाला, आणि शाल मला!