धोंड्याच्या वाणातलं हेल्मेट

बहिणीचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि ताटात अनारसे, दिवा नि एखादी ठळक वस्तू ठेवून वाण द्यायचं. आमच्या शहागडला ती वस्तू म्हणजे सोन्याची अंगठी, हे न बोलता ठरलेलं असतं.

आम्ही हेल्मेट दिलं.

ते बहिणीनेच मागितलं होतं. दाजी जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात कामाला. गावाहून रोज मोटारसायकलवर जाणं-येणं, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, अंगावर येणारे ट्रक. ड्युटी सुटायची वेळ झाली की हिचं कामात लक्ष लागत नसे. मला फोनवर म्हणाली, "दादा, मी सांगितलं तर हसण्यावारी नेतात. वाणात दिलं तर मानाचं होईल. मंग घालतील बराबर."

मला ते फार पटलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडिलांनी शेतात राबून मला शिकवलं, आणि त्या शिक्षणातलं काही त्यांच्या कामी आलं की मला बरं वाटतं. वस्तूपेक्षा तिच्यामागची भावना मोठी, असं मी वर्गात मुलांना सांगतो. तेच घरी सांगितलं. वडील म्हणाले, "लेकराचं डोकं शाबूत राहील. याच्याहून मोठं काय द्यावं?" ते स्वतः जालन्याला जाऊन चांगल्यातलं घेऊन आले.

दाजींबरोबर त्यांची मावशी आली होती. जेवणं हसतखेळत झाली. आईने ताटावरचं कापड काढलं आणि मावशी पुढे वाकली.

"अगं बया! वाण हाय का गाडीचं सामान?"

"जावईबापूंच्या जिवासाठी हाय, बाई," आई म्हणाली.

"म्हंजी त्याचं डोकं फुटणार असं धरूनच बसलात का? ऐन धोंड्याच्या महिन्यात?"

आईचा हात ताटावरच राहिला. दाजींचे कान लाल झाले होते. विडा न घेताच ते उठले. "हिला राहू द्या चार दिवस. येतो मी न्यायला," म्हणाले. मावशीने अनारसे पिशवीत भरून घेतले. हेल्मेट पाटावर राहिलं.

चार दिवस गेले, आठवडा गेला, अधिक महिनाही सरला. दाजी फोन उचलत नव्हते. बहीण घासलेली भांडी पुन्हा घासायची. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "अजून राह्यलीच का गं? बरं हाय ना तिकडं?" आई म्हणायची, "आम्हीच ठेवून घेतलं." रोज तेच उत्तर, रोज थोडं हळू आवाजात. वडील व्याह्यांकडे जाऊन आले. "गेल्तो. पाणी दिलं त्यांनी," एवढंच बोलले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्या वडिलांना मी असं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे पदवी होती, बोलता येत होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो फोन उचलत नव्हता. एके दिवशी बहीण आईला म्हणाली, "मी इथंच राहिले तर चालंल का?"

दुसऱ्याच दिवशी आईने कानातली फुलं काढून सोनाराकडे दिली. त्या फुलांची अंगठी झाली. वडील ती एका नातेवाइकाला बरोबर घेऊन पोचवून आले.

दोन दिवसांत दाजी दारात. बोटात अंगठी. वाकून दोघांच्या पाया पडले. "ड्युटीमुळे जमलं न्हाई, मामा," म्हणाले, आणि वडील म्हणाले, "असू द्या, असू द्या." आईने पदर कानांवरून ओढून घेतला होता. त्या अंगठीमागे आमच्यापैकी कुणाच्याही मनात प्रेम नव्हतं. नुसती भीती होती. तरी ती गोड लागली.

बहीण आत बॅग भरत होती. मी तिच्याजवळ गेलो. इतके दिवस मला वाटत होतं की दाजींना खरं कारण कळलेलंच नाही. कळलं तर माणूस विरघळेल.

"हेल्मेट तू मागितलं होतंस, तुझा जीव टांगणीला लागायचा म्हणून, हे त्यांना सांग," मी म्हणालो. "तू सांगत न्हाईस म्हणून गैरसमज झाला."

ती माझ्याकडे न बघता साड्या दाबत राहिली.

"सांगितलं होतं, दादा. ते निघाले तेव्हाच, गाडीजवळ."

"मंग?"

"म्हणले, मला कळतंय गं तुझं. पण घरी बाया वाण बघायला बसल्यात. त्यांना काय तुझा जीव काढून दाखवू?"

तिने चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. बाहेरून दाजींनी हॉर्न दिला. "आले, आले," ती ओरडली आणि बॅग उचलून जवळजवळ धावतच निघाली.