गणपतकाकांचा आजचा भाव

पहिल्यांदा खटकली ती दाराजवळची खुर्ची. साडेअकरा झाले तरी रिकामी!

पनवेलच्या बाजारात, औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक पंखा, मोरे सर आणि मी. लोकांना म्युच्युअल फंड समजावून सांगायचं हे काम. समजावता समजावता इतके किस्से साचलेत, की ऊन टेबलावर सरकायला लागलं की फाइलींमधून मला माणसांचे आवाज ऐकू येतात. सगळ्यांत मोठा आवाज गणपतकाकांचा. जमीन गेली, मोबदला आला, तो त्यांनी नातीच्या शिक्षणासाठी आमच्यामार्फत फंडात टाकला. तेव्हापासून रोज अकराला हजर. “पोरी, भाव काय?”

काल बाजार धाडकन पडला. स्क्रीन बघून मी दचकले आणि तोंडातून निघूनच गेलं, “काका, सगळंच पडलंय हो!”

काका अर्धा चहा ठेवून उठले. “उद्या बघतो,” एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांना स्टेंट बसवलाय. हे मला ते जिना उतरून गेल्यावर आठवलं.

आज सकाळपासून फोन लावतेय. रिंग जाते, जाते, आणि बंद पडते.

*

पैसे भरले त्या दिवशी काकांनी स्टेटमेंट उलटंपालटं करून पाहिलं. “याचा सातबारा कुठंय?”

म्हटलं, “काका, ही जमीन नाही. खूप लोकांनी पैसे एकत्र करून बऱ्याच कंपन्यांचे शेअर घेतलेत. त्यातले तुमच्या वाट्याचे तुकडे म्हणजे युनिट. एका युनिटचा त्या दिवसाचा भाव म्हणजे एनएव्ही.”

“सामायिक जमीन हाय म्हण की! भावकी किती?”

“असतील लाखभर.”

काकांनी कागद पुन्हा एकदा उलटून पाहिला. “आणि भांडण एक नाय?”

*

रुकय्याचाचींचा मुलगा कुवेतला. तो पैसे पाठवतो, चाची गुंतवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “बेटी, हे व्याज तर नाही ना?”

“नाही चाची. शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी. नफा झाला तर तुमचाही, नुकसान झालं तर तुमचंही.”

चाची खूश होऊन गेल्या. महिन्याभराने आल्या त्या फुरंगटूनच. “भागीदार म्हणतेस, मग मीटिंगला एकदाही बोलावणं कसं नाही?”

*

याच चाचींना मोरे सरांनी तासभर लिक्विडिटी शिकवली. गरजेला लगेच हातात येतो तो पैसा लिक्विड. अडीअडचणीसाठी तसा थोडा नेहमी बाजूला ठेवावा, वगैरे. मग सर खाली उतरून रिक्षात बसले आणि फोन बंद पडला. खिशात पाचशेची एकच नोट, रिक्षावाला सुट्टे मागतोय!

मागून चाची आल्या. बटव्यातून तीस रुपये काढून सरांच्या हातावर ठेवले. “घ्या सर. लिक्विडिटी.”

*

पुन्हा फोन लावला. रिंग ऐकता ऐकता वाटलं, आवाज खाडीच्या पार पलीकडून येतोय. खाली न्हावा शेव्याकडे जाणारा ट्रेलर थांबला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मी उगाच उभी राहिले.

“बस गं,” सर म्हणाले. “घाबरून आज सगळं विकून नाही टाकलं म्हणजे मिळवली.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता दोन काळज्या झाल्या!

*

एसआयपी मी काकांना मासळीवरून शिकवली होती. “दर महिन्याला ठरलेल्या पैशांचेच बोंबील घ्यायचे. भाव चढला तर कमी येतील, पडला तर जास्त. म्हणून पडला की घाबरायचं नाही.”

“म्हंजे पडल्यावर घ्यायचं!” काकांनी मान डोलवली.

चक्रवाढीच्या वेळी मात्र तेच माझे मास्तर झाले. वाढीवर पुन्हा वाढ, असं मी आलेख काढून सांगत होते. काका डोळे मिटून म्हणाले, “मिठागरात पाणी सोडतात ना, तसं. ऊन आपलं काम करतं. रोज बोट घालून ढवळशील तर मीठ धरायचं नाय.”

मला डोळ्यांसमोर ते पांढरे चौकोन दिसायला लागले, दुपारच्या उन्हात निश्चल. क्षणभर माझीसुद्धा बाजाराची भीती गेली.

“मग तुम्ही रोज भाव का विचारता?”

“बोट कुठं घालतो? बांधावरून बघतो!”

*

दीड वाजता सातव्यांदा फोन लावला. रिकामी खुर्ची, कालचा चहाचा डाग, पंख्याची घरघर. सगळं पाण्याखालचं वाटत होतं.

आणि फोन उचलला गेला! पलीकडे नुसता कोलाहल, कुणीतरी आकडे ओरडतंय.

“काका! कुठे आहात? बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय? करंजा बंदराला हाय, मासळीच्या लिलावात. ऐकू येत नाय, मोठ्यानं बोल!”

“काका, पैसे काढले का फंडातून?”

“ते हाय तिथंच हायत. बोट नको घालू! पोरी, आज बोंबील लय पडलाय. तूच बोललेलीस ना, पडल्यावर घ्यायचं? नऊ टोपल्या घेतल्यात. वाळवायला तुमच्या हाफिसात पंखा हाय ना?”