जीपमधला खडक

सरकारी बांधकामं एवढी महाग का पडतात, असं लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, की मी इतकी वर्षं सिमेंटच्या भावावर घसरायचो. खरं कारण दोन माणसांना उचलता येईल एवढं होतं आणि ते एका ठेकेदाराच्या जीपमध्ये असायचं. एका अंगाला सुरुंगाचं भोक असलेला काळा दगड.

नव्वदच्या दशकात मी नेवाशाकडे ओव्हरसियर होतो. पाया खणताना मुरूम लागला तर दर कमी, खडक लागला तर कितीतरी पट. आणि पाया मोठा गुणी. एकदा काँक्रीट भरलं की पोटातलं कुणाला सांगत नाही. ओढ्यावरच्या पुलाचा खड्डा नुसत्या टिकाव-खोऱ्याने निघाला. ठेकेदाराने त्यात आपला दगड उतरवला, फोटो काढला आणि म्हणाला, "रावसाहेब, खडक लागला बरं का! पेढे घ्या."

खोक्यात पेढ्यांचा एकच थर होता. खाली पाकीट. मी मोजमाप वहीत 'कठीण खडक' लिहून सही ठोकली. त्या दगडाने माझ्यापेक्षा जास्त जिल्हा पाहिला असेल.

पुढच्या वर्षी पुलाशेजारीच बौद्धवस्तीसाठी पिण्याच्या पाण्याची विहीर व्हायची होती. वरच्या साहेबांनी माझीच वही उघडली, सुरुंगांचा खर्च धरला, आणि अंदाजपत्रक मंजुरीच्या मर्यादेबाहेर गेलं. कागद परत.

मग वस्तीतली एक मावशी कचेरीत आली. पुलाच्या खड्ड्यावर ती मजुरीला होती.

"सायब, खडक कुठं हुता? म्या सोता खोऱ्यानं वढलंय समदं. तेवढं लिवून द्या."

"मावशी, खाली असतो खडक."

"आसंल. माज्या खोऱ्याला भिऊन खाली पळाला आसंल."

शिपाई हसला. मीही हसलो. लिहून दिलं असतं तर माझी आधीची सही खोटी ठरली असती, नोकरी गेली असती. वस्तीने आणखी दोन उन्हाळे पलीकडच्या मळ्यातून हंडे वाहिले.

शेवटी मंजुरीची मर्यादा वाढली आणि विहीर मंजूर झाली. अर्थात खडकाच्याच दराने, त्याच ठेकेदाराला. मोजमापाला गेलो तर मुरमाच्या तळाशी पाणी पाझरत होतं आणि काठावर तो दगड फोटो उरकून बसला होता. शेजारी मावशी, डोक्यावर रिकामी पाटी.

"ह्याची न् माजी जुनी वळख हाय, सायब. आता तरी ह्याला हितंच ऱ्हाऊ द्या. धुनं धुवायला व्हईल."

ठेकेदार खदखदून हसला. दोन गड्यांनी दगड उचलून जीपमध्ये घातला. पुढच्या गावी शाळेच्या पायाचा खड्डा तयार होता. 'राहू द्या हो' एवढं मी म्हणालो असतो तरी त्याने ठेवला असता.

मी जीपच्या बॉनेटवर वही उघडली आणि लिहिलं, कठीण खडक.