उजवीकडे उसवणारी शिवण

माप घेण्याआधी अण्णा नुसतं उभं करत. "स्वल्प थांब ग," म्हणत आणि टेप गळ्यातच ठेवून बघत बसत. शिंपी माणूस समोरच्याच्या चेहऱ्याआधी खांद्यांकडे बघतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. अण्णा खांद्यांवरून थेट पावलांकडे जात.

बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेलं मराठी घर. आयुष्यभर त्यांनी भरतनाट्यमचे पोशाख शिवले. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, इंदिरानगरच्या ऑफिसातली. सुटलेला नाच एकतिसाव्या वर्षी पुन्हा धरला होता आणि त्याचं मला स्वतःलाच भारी कौतुक होतं.

पण उजवा गुडघा सुजायला लागला. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर उघडून अर्धं बसताना, मी वाकडी होते असं नाचाच्या टीचर म्हणायच्या. बैठक सुधारली नाही तर वार्षिक कार्यक्रमात घेणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मी तासन्‌तास आरशासमोर घाम गाळला. आरशात तर मी सरळ दिसत होते. त्यात अण्णांनी शिवलेल्या पोशाखाचा पायजमा तिसऱ्यांदा उजव्या मांडीवर उसवला. मी तणतणत दुकानात गेले आणि धागा कच्चा आहे, असं अण्णांना सुनावलं.

ते रागावले नाहीत. पायजमा उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवला. मग मला डोळे मिटून अरैमंडीत बसायला लावलं आणि वजन कुठे पडतंय ते विचारलं. मला सांगताच येईना. लहानपणीच नाच शिकलेली मी, आणि एवढं साधं ठाऊक नव्हतं. खरं सांगते, लाज वाटली.

"धागा सरी आहे, चांगला आहे. तूच उजवीकडे पडतेस," अण्णा म्हणाले. "आरशाला विचारू नको. पायाला विचार."

लॅपटॉपची बॅग कुठल्या खांद्यावर असते, तेही त्यांनी विचारलं. उजव्या, अर्थात. रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून उभी राहा, टाचेवर किती भार येतो, करंगळीवर किती, अंगठ्यावर किती ते बघ, आणि कळलं की पायजमा न्यायला ये, असा हुकूम झाला.

मी घरी उभी राहिले, ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभी राहिले. बरोबरच्यांना वाटलं, हिची झोप होत नाही. तिसऱ्या आठवड्यात कळलं, बसताना उजवं पाऊल आतल्या बाजूला कलंडतं आणि गुडघा त्याच्यामागे जातो. एकदा ते आतून जाणवल्यावर सावरणं तितकं अवघड गेलं नाही. सूज उतरली. एक दिवस टीचर माझ्यापाशी थांबल्या आणि चूक न काढता पुढच्या मुलीकडे गेल्या. वार्षिक कार्यक्रमात मला घेतलं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. नाच मला अनेकांनी शिकवला, पण माझ्या शरीराशी माझी ओळख करून दिली ती त्यांनी. आभार मानायची संधी एकदाच मिळाली, त्या कार्यक्रमानंतर, आणि मी तीही तक्रारीत घालवली. इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्या रांगेत बसले होते आणि मी नाचत असताना सारा वेळ डोळे मिटून होते. मला वाईट वाटलं. झोप लागली होती का, असं मी विचारलंच.

"नाही ग. पाय ऐकत होतो," ते म्हणाले. "उजवा कुठला, डावा कुठला, कळलंच नाही."