काढेमावशींचा अर्धा पेला

काढेमावशींचं दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत आलं की मावशींना पोट आत घ्यावं लागे. तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं त्या खणात कधीच सापडायचं नाही. सुंठ कुठं आणि बडीशेप कुठं, हे फक्त मावशींच्या उजव्या हाताला ठाऊक.

बाळंतिणीच्या दुखण्यावरचा काढा ही त्यांची खासियत. तो कडूजहर असे. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. पातेल्यातला निम्मा काढा बाळंतिणीला द्यायचा, निम्मा स्वतः घ्यायचा आणि तिच्यासमोर बसून प्यायचा. "मी पिते की नाही? मग तुलाच काय धाड भरलीय?" मग बाळंतीण नाक दाबून पेला रिकामा करी. मावशींचं स्वतःचं बाळंतपण एकच, पण काढा त्यांनी चारशे बाळंतिणींचा प्यायला होता.

त्या एकुलत्या एक लेकीला मुलगी झाली, तीही पोटावर टाके घालून. मावशी दुकानाला कुलूप लावून लेकीकडे मुक्कामाला आल्या. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मावशींचा डावा गुडघा प्रत्येक पायरीला स्वतंत्र तक्रार नोंदवत वर चढला.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट बघून मावशींनी नाक मुरडलं. "गोळी दुखण्याला दटावून गप्प करते. काढा त्याची समजूत घालतो."

दुखणं काही समजूतदार नव्हतं. लेकीला कुशीवर वळताना डोळ्यांत पाणी येई. पाळण्यातलं बाळ स्वतःच्या हातांनी उचलायचं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेच जमत नव्हतं. बाळ रडलं की कुणाला तरी हाक मारायची आणि हात पसरून वाट बघायची. पण आईला गोळी माग म्हणणार कोण? ही बाई एवढी वर्षं जणू याच एका पेशंटची वाट बघत होती.

म्हणून नवराबायकोनं कट केला. मावशी गाळणं धुवायला वळल्या की जावई चमच्यानं चुरलेली गोळी पातेल्यात टाकून ढवळायचा. गोळी तीच, वेळ डॉक्टरांनी सांगितलेली, फक्त वेश बदललेला.

तिसऱ्या दिवशी मावशी खाली जाऊन दूध घेऊन आल्या आणि दारात थबकल्या. गुडघा बोलला नव्हता. बारा वर्षं अखंड बोलणारा गुडघा.

"या खेपेची बडीशेप काय आहे म्हणून सांगू," त्या लेकीला म्हणाल्या. "तीन मजले आले, कुठं टेकले नाही. तुला कसं वाटतंय?"

"बरंय," लेक टाक्यांवर हात दाबून म्हणाली.

मावशी वेंधळ्या असतील, आंधळ्या नव्हत्या. एकाच पातेल्यातला काढा. म्हातारीला लागू पडतो आणि पोरीला नाही? संध्याकाळी त्यांनी गाळणं उजेडात धरलं. चोथ्यात पांढरा कण होता. त्यांनी तो जिभेवर ठेवला.

"जावईबापू, हे माझ्या दुकानातलं नाही."

जावयाने चमचा पाठीमागे लपवला, म्हणजे कबुलीच दिली. "एकच गोळी, आई. डॉक्टरांनी सांगितलेली."

"अख्ख्या पातेल्यात?"

"हो."

मावशींनी दोन्ही पेल्यांकडे पाहिलं. "म्हणजे अर्धी हिच्या पोटात आणि अर्धी माझ्या गुडघ्यात. तीन दिवस पोरीचं औषध मीच पितेय की रे."

आतून लेकीचं हसू फुटलं. "आई, हसवू नकोस गं. टाके ओढतात."

"हसतेस काय? मला सांगायला काय झालं होतं?"

"कसं सांगू? तू समोर बसून इतक्या मायेनं तोंड वाकडं करतेस."

मावशींनी आपला पेला बाजूला सारला. मग त्यांनी स्वतः दवाखान्यात फोन लावला. काढ्यात काय काय घालता, असं सिस्टरने विचारलं. जी यादी मावशींनी सख्ख्या बहिणीलाही दिली नव्हती, ती त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. सिस्टर डॉक्टरांना विचारून आली. दोन जिन्नस बंद करा. बाकीचं चहासारखं, थोडं, हौस म्हणून. गोळी मात्र अख्खी, वेळेवर आणि पाण्याबरोबर. गुडघा वेगळा दाखवायला आणा.

"हौस म्हणून," मावशी फोन ठेवताना पुटपुटल्या. पण रात्रीची गोळी त्यांनीच पाण्याच्या ग्लासासकट पुढे केली, आणि लेकीनं गिळेपर्यंत पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहिल्या.

दोन दिवसांनी सकाळी मावशी स्वयंपाकघरात होत्या. बाळ रडायला लागलं. त्या हात पुसेपर्यंत गप्पही झालं. जावई तर कामावर गेलेला.

त्या लगबगीनं आल्या. लेक खिडकीशी उभी होती, बाळ खांद्यावर, टाक्यांवर हात नाही.

"कुणी दिली उचलून?"

"कुणी नाही."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हात पुढे केले. "आण इकडे. दमशील. तू बस."

"नाही देणार," लेक म्हणाली. "आत्ता कुठं हाती लागलीय."