हसू न आलेला खेळ

लेकीची नोकरी पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात; मी तिच्याकडे राहायला गेले होते. एकदा ती मला तिथल्या सभागृहात घेऊन गेली. तिथल्याच दोन बायका एकमेकींचे दंड धरून समोरासमोर उभ्या राहिल्या आणि घशातून आवाज काढू लागल्या. जी आधी हसेल ती हरली, आणि तिथंच गाणं संपलं. त्यांचं पहिलं, रानबदकांच्या आवाजाचं गाणं असंच खिदळत संपलं. मला जात्यावरच्या आई-काकू आठवल्या; दळण सरलं की त्यांची ओवी थांबायची.

मग एक गिटारवाला त्यांच्या साथीला आला. त्या दोघींच्या घशातून टप्, टप् असा नवाच आवाज सुरू झाला.

"हे कशाचं गं?" मी लेकीला विचारलं.

"आई, इथली जन्माची गोठलेली जमीन वितळतेय. घरांखाली असंच ठिबकतं. आपल्याही."

मी दचकून पाय वर घेतले. गिटार केव्हाच थांबली होती. त्या दोघी मात्र गातच होत्या. हसू कुणालाच येत नव्हतं.